इम्युनिटी वाढवू की मारू? आधी डॉक्टरांना खरं सांग, मग बोलू

पत्र असं आहे, थोडं छोटं केलंय:

"मावशी, मी २९ वर्षांची, पिंपरीत राहते, आयटीत आहे. तीन वर्षांपूर्वी मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार) निघाला, त्याआधी वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावत होते. मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) चालू आहे आणि दीड वर्षापासून इम्युनिटी आवरणारी अ‍ॅझाथायोप्रीन, त्यातही मधे एकदा स्टिरॉइड घ्यावं लागलं. आत्ता मला काहीच त्रास नाही, रक्त नाही, दिवसातून दोनदाच जाते. पण शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन ६४० आलं, मग कोलोनोस्कोपी केली, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'क्रिप्ट अ‍ॅब्सेस' आणि 'बेसल प्लाझ्मासायटोसिस' लिहिलंय. डॉक्टर म्हणतात बायोलॉजिक (अँटिबॉडीचं इंजेक्शन) सुरू करू, त्याआधी टीबीची टेस्ट कर. टीबीचा काय संबंध? सासूबाई म्हणतात इम्युनिटी कमी झाली की आजार होतात, मग इम्युनिटी मारायची औषधं कशाला, त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा करून देतात. खरं सांगते, या नादात दोन महिने अ‍ॅझाथायोप्रीन बंद केलीय, डॉक्टरांना बोलले नाहीये. माझी इम्युनिटी कमी आहे की जास्त, एकदाच काय ते सांगा. – कन्फ्युज्ड सून"

अगं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू 'खरं सांगते' म्हणून मधेच सरकवून दिलीस, आणि ती वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. इम्युनिटीचं, काढ्याचं, टीबीचं सगळं बोलू, पण आधी हे. तुझे डॉक्टर असं धरून चाललेत की तू गोळी रोज घेतेयस आणि तरी ६४० आलंय, म्हणजे गोळी फेल गेली, म्हणून त्यांनी पुढची पायरी सांगितली. आता गोळी फेल गेली की गोळी डबीतच राहिली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे ना, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच बसवलंय. कदाचित खरं कळल्यावरही ते बायोलॉजिकच म्हणतील, कारण गोळी चालू असतानाही एकदा स्टिरॉइड लागलंय तुला, पण ते त्यांनी खरी माहिती हातात असताना ठरवू दे. उद्या सकाळी फोन कर. ओरडतील थोडं, ओरडू देत. आणि घाबरून आपल्या मनाने गोळी परत चालूपण करू नकोस, आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरची टेस्ट होऊ दे, लिव्हरची कशाला ते काढ्याच्या वेळी सांगते.

आता मी कोण ते नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंट बघत नाही, पेशंटचे तुकडे बघते. तुझ्यासारख्यांच्या आतड्याचे तुकडे बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडी देण्यापेक्षा काचेवर दाखवायला जास्त सोपं जातं, तर चल तसंच करू.

कोलोनोस्कोपीत चिमट्याने जो तुकडा काढतात तो तिळापेक्षा फार मोठा नसतो. छोट्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये टाकून येतो, आम्ही तो मेणात बसवतो, मग त्याचे चारेक मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतो आणि गुलाबी-जांभळा रंग देतो. निरोगी मोठं आतडं आडवं कापलं की काय दिसतं माहितीये, पाटावर ओळीने मांडून ठेवलेल्या बांगड्या. सगळ्या एका मापाच्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. त्या बांगड्या म्हणजे क्रिप्ट, आतड्याच्या अस्तरातल्या खोल नळ्या, आणि बांगडीत जे पांढरे फुगे दिसतात त्या म्हणजे चिकट म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी. आणि बांगड्यांच्या मधल्या जागेत, नीट ऐक, निरोगी माणसाच्यासुद्धा इम्यून पेशी असतातच, भरपूर असतात. लोकांना वाटतं इम्युनिटी म्हणजे रक्तात फिरणारं काहीतरी, प्रत्यक्षात शरीरातल्या इम्यून पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्यातच मुक्कामाला असतो.

का असतो, तर जागाच तशी आहे. पचनमार्गाचं आतलं अस्तर सगळं उलगडून पसरलं तर साधारण ३२ चौरस मीटर भरतं, म्हणजे ३४० स्क्वेअर फूट, तुमच्याकडचा एक वन आरके. आणि या वन आरकेची जवळजवळ सगळी भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची! ती पेशीपण चार-पाच दिवसांत झडते आणि नवीन येते. भिंतीच्या पलीकडे अब्जावधी बॅक्टेरिया आणि तू काल खाल्लेली मिसळ, अलीकडे तुझं रक्त. अशा ठिकाणी पहारा लागणारच.

पण पहारा कसा? तू पिंपरीची, म्हणून तुला लक्ष्मी रोडवरच्या विसर्जनाच्या बंदोबस्तावरून सांगते. लाखो माणसं, ढोल, धक्काबुक्की, आणि पोलीस उभे. त्या दिवशी चांगला पोलीस कोण, तर ज्याला कळतं की ही गर्दी आपलीच आहे, हे मंडळ दरवर्षीचं आहे, आणि जो खिसेकापू दिसला तर तेवढ्यालाच उचलतो आणि बाकी दिवसभर हात मागे बांधून उभा राहतो. आतड्यातल्या इम्यून पेशींचं खरं कसब हेच आहे, हात न उचलणं. तिथल्या मॅक्रोफेज पेशी चुकून आत आलेला बॅक्टेरिया गिळून टाकतात पण बोंबाबोंब करत नाहीत, तोच मॅक्रोफेज त्वचेखाली असता तर त्याने गाव गोळा केलं असतं. प्लाझ्मा पेशी रोज काही ग्रॅम आयजीए अँटिबॉडी म्युकसमध्ये सोडतात, ती बॅक्टेरियांना चिकटून त्यांना भिंतीपासून लांब ठेवते, मारामारी वगैरे काही नाही.

आता तुझी काच. मी तुझा तुकडा बघितलेला नाही, पण रिपोर्टमधल्या त्या दोन शब्दांवरून मला ती डोळ्यासमोर दिसतेय. बांगड्या वाकड्या झाल्यात, काही फुटून दोन तोंडांच्या झाल्यात, काही आखूड. प्लाझ्मा पेशी एरवी वरच्या बाजूला जास्त आणि खाली तुरळक असतात, तुझ्याकडे त्या खाली, क्रिप्टच्या बुडाशी दाटीवाटीने बसल्यात, त्याला म्हणतात बेसल प्लाझ्मासायटोसिस. ही पेशी मला फार आवडते, तिच्या न्यूक्लियसमध्ये रंग असा कडेकडेने ठिपक्यांसारखा बसतो की घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे वाटावेत, विद्यार्थ्यांना एकदा दाखवली की जन्मात विसरत नाहीत. ती बुडाशी जमलेली दिसली की आम्ही समजतो हे दोन दिवसांचं जुलाब-इन्फेक्शन नाहीये, हे मुरलेलं प्रकरण आहे.

आणि क्रिप्ट अ‍ॅब्सेस म्हणजे त्या बांगडीच्या पोकळीत न्यूट्रोफिल भरलेत. न्यूट्रोफिल ओळखायला सगळ्यात सोपा, त्याचा न्यूक्लियस तीन ते पाच मण्यांचा, जांभळ्या शेंगदाण्यांची माळ तुटून पडल्यासारखा. हा आतड्याच्या भिंतीतला रहिवासी नाहीच, हा बाहेरून मागवलेला, बंदोबस्ताच्या भाषेत एसआरपीची तुकडी. बोन मॅरो रोज दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल बनवतो, ते रक्तात फिरतात, कुठून हाक आली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून घुसून तिथे जातात, हातातलं सगळं फेकतात आणि तिथेच मरतात. पू म्हणतो ना आपण, तो बराचसा मेलेले न्यूट्रोफिलच. घशाच्या इन्फेक्शनमध्ये हे करणं बरोबर आहे. तुझ्या क्रिप्टमध्ये मारायला कोणी चोरच नाही, तरी हे आलेत आणि जे फेकतायत ते तुझ्याच भिंतीला लागतंय, अस्तर सोलतंय, त्यालाच आपण अल्सर म्हणतो.

मग ते ६४० कुठून आलं हे आता तुझं तुलाच कळेल. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलच्या पोटातलं प्रोटीन आहे, त्याच्या आतल्या रसात विरघळलेल्या प्रोटीनपैकी जवळजवळ निम्मं हेच. आतड्यातले बॅक्टेरिया ते सहजी कुजवू शकत नाहीत म्हणून ते शौचात टिकतं आणि मोजता येतं. ५० च्या खाली म्हणजे निवांत, २५० च्या वर गेलं की बहुतेक वेळा आत धुमसतंय. म्हणजे तुझं पोट गप्प आहे पण न्यूट्रोफिल भिंत ओलांडून शौचात पडतायत, आणि बायोप्सीनेही तेच सांगितलंय, दोन वेगळ्या साक्षीदारांची साक्ष जुळली. 'मला काही त्रास नाही' ही तिसरी साक्ष खोटी नाहीये गं, फक्त ती उशिरा येणारी आहे. (आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरनेसुद्धा कॅल्प्रोटेक्टिन वर जातं, पाळीच्या दुखण्याला घेत असशील तर तेपण डॉक्टरांना सांग. नुसता आकडा असता तर मी म्हटलं असतं एकदा परत कर, पण तुझी बायोप्सीपण बोलतेय.)

तर आता तुझा प्रश्न, कमी की जास्त.

मला विचारशील तर घोळ त्या 'इम्युनिटी' शब्दातच आहे. कोविडमध्ये हा शब्द घराघरात आला आणि पेट्रोलच्या टाकीसारखा झाला, काटा खाली आला की भरा. पण पेशींच्या जगात अशी टाकीच नाहीये. वेगवेगळ्या कामाच्या पेशी आहेत, त्यातल्या काहींचं काम पेटवणं आहे आणि काहींचं काम विझवणं, आणि दोन्ही कामांना आपण 'इम्युनिटी' हेच नाव देतो. विझवणाऱ्यांना म्हणतात रेग्युलेटरी टी सेल्स. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवल्या तेव्हा बऱ्याच जणांना पटलंच नव्हतं, आणि २०२५ चं मेडिसिनचं नोबेल त्यांना आणि मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं ते याच कामासाठी. ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी शोधला तो फॉक्सपी३ नावाचा जीन, तो बिघडला की या ब्रेकवाल्या पेशी नीट बनत नाहीत, आणि अशा बाळांना जन्मानंतर लवकरच काय होतं, तर भयंकर जुलाब. त्या बाळांची 'इम्युनिटी' कमी म्हणशील का जास्त?

अजून एक सांगते, हे मला फार पटलेलं उदाहरण. ब्रेकवाल्या पेशी आणि ते शहाणे मॅक्रोफेज यांच्यात शांततेचा एक निरोप फिरतो, त्याचं नाव आयएल-१०. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी असे उंदीर बनवले की ज्यांच्यात आयएल-१० नाहीच. त्या उंदरांना आपोआप आतड्याची सूज आली. पण तेच उंदीर पूर्ण जंतूविरहित पिंजऱ्यात वाढवले तर सूज येत नव्हती! म्हणजे बॅक्टेरिया तेच नेहमीचे, निरुपद्रवी, आणि पोलीसही तेच, फक्त 'आपलेच आहेत रे, जाऊ दे' म्हणणारा माणूस गेला आणि लाठीचार्ज सुरू झाला. मग २००९ मध्ये काही लहान मुलं सापडली ज्यांच्यात हा निरोप ऐकण्याचा कानच, म्हणजे आयएल-१० चा रिसेप्टर, जन्मतः बिघडलेला होता, त्यांना तान्हेपणीच भयानक आयबीडी, म्हणजे आतड्याची जुनाट सूज, तुझा कोलायटिस हा त्यातलाच एक प्रकार. त्यातल्या एकाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, म्हणजे दुसऱ्या निरोगी माणसाच्या इम्यून पेशी दिल्या, आणि आतडं शांत झालं. आतडं बदललं नव्हतं हां, पेशी बदलल्या.

तुझ्या बाबतीत एवढा एकच जीन बिघडलेला नाही. मोठ्यांच्या आयबीडीत २०० च्या वर जागा सापडल्यात, प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा, त्यात आतड्यातले बॅक्टेरिया, कधीतरी झालेलं इन्फेक्शन, अँटिबायोटिक, राहणीमान असं सगळं मिसळून एक दिवस तोल जातो. त्यामुळे 'मी हॉस्टेलला वडापाव खायचे म्हणून झालं का' हा प्रश्न डोक्यातून काढून टाक (तू विचारला नाहीस पण सगळ्यांच्या मनात असतो).

आणि एकदा तोल गेला की ते आपोआप का थांबत नाही, तर हे चक्र बनतं. भिंतीला भोक पडलं की बॅक्टेरिया आत येतात, त्यांना बघून रक्तातून नवे मोनोसाइट बोलावले जातात. एरवी हे मोनोसाइट आतड्यात आले की काही दिवसांत शिकून त्या शहाण्या, गप्प मॅक्रोफेजमध्ये बदलतात. पण सुजलेल्या जागी ते शिक्षण अर्धवट राहतं, ते गरम डोक्याचेच राहतात आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-२३ असली रसायनं ओतत राहतात. त्याने टी सेल्स चेकाळतात, टी सेल्सच्या हाकेने अजून न्यूट्रोफिल येतात, न्यूट्रोफिल भिंत अजून फोडतात, अजून बॅक्टेरिया आत. हे तुझ्या आत आत्ता चालू आहे, तू ऑफिसात मीटिंगला बसलेली असताना.

म्हणून औषधं. स्टिरॉइड म्हणजे अख्ख्या शहरात कर्फ्यू, दंगल थांबते पण दूधवालापण येत नाही, म्हणून ते थोडे दिवस आणि मग हळूहळू बंद. अ‍ॅझाथायोप्रीन पेशींची पिलावळ थांबवते, चेकाळलेली टी सेल एकाची हजार होते ते होऊ देत नाही, पण नेमकं तसंच असल्याने तिचा असर यायला दोन-तीन महिने लागतात, आणि बंद केल्यावरही त्रास दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. तू फसलीस ती इथे. गोळी सोडली, काही झालं नाही, काढा घेतला, बरं वाटतंय, म्हणजे काढ्याने बरं वाटतंय. नाही गं. आणि सीबीसी न करता ही गोळी परत सुरू करू नको म्हटलं त्याचं कारण, काही लोकांच्यात, आपल्या आशियाई लोकांत विशेष, एनयूडीटी१५ नावाच्या जीनमुळे या गोळीने पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात, पहिल्या काही आठवड्यांत केस मूठमूठ गळणं ही त्याची खूण. तुला दीड वर्षात तसं झालं नाही हे चांगलं, पण आकडा बघूनच पुढे जायचं.

बायोलॉजिक कुठलं ते तू लिहिलं नाहीस. टीबीच्या टेस्टवर एवढा जोर दिलाय म्हणजे बहुतेक टीएनएफ पकडणारं, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिम्युमॅब. इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी (आयबीडीचाच दुसरा प्रकार) आणि २००५ मध्ये तुझ्या आजारासाठी मंजूर झालं, म्हणजे हे काही कालचं प्रयोगातलं औषध नाही. ते पेशी सरसकट मारत नाही, मुख्य काम म्हणजे त्या ओतल्या जाणाऱ्या टीएनएफला हवेतच झेलणं.

आता टीबीचा संबंध, आणि हा भाग सासूबाईंनाही वाचून दाखव कारण इथे त्यांची शंका अर्धी खरी आहे. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो आणि त्यांना आयुष्यभर कळत नाही. त्याला झोपवून कोणी ठेवलेलं असतं, तर याच मॅक्रोफेजनी, त्याच्याभोवती फेर धरून, एकमेकांना चिकटून, त्याला आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो, काचेवर ती गोल गाठ अगदी स्पष्ट दिसते. आणि तो फेर टिकवून धरायला काय लागतं? टीएनएफ. तेच टीएनएफ जे तुझ्या आतड्यात आग लावतंय ते दुसरीकडे तुरुंगाचं कुलूप आहे. ते औषधाने काढून घेतलं की जंतू मोकळा. २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० पेशंटची नोंद आली, बऱ्याच जणांना पहिल्या तीन डोसांच्या आतच, आणि तेव्हापासून जगभर आधी टीबी तपासूनच हे औषध देतात. छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा टेस्ट. झोपलेला टीबी निघाला तरी बायोलॉजिक कायमचं बाद होत नाही, आधी टीबीच्या गोळ्या सुरू करून काही आठवड्यांनी ते देतात. पण घरात, माहेरी, लहानपणी शेजारी कोणाला टीबी झाला होता का हे आठवून सांग, आपल्याकडे ही गोष्ट लपवतात, तू नको लपवू. हिपॅटायटिस बी पण बघतील, आणि लसी कुठल्या राहिल्यात ते आत्ताच विचार, कारण कांजिण्या किंवा एमएमआरसारख्या जिवंत लसी हे औषध चालू असताना घेता येत नाहीत.

टीएनएफवालं नको असेल तर दुसराही एक रस्ता आहे, व्हेडोलिझुमॅब, २०१४ पासूनचं. हे मला स्वतःला फार सुंदर वाटतं, कारण ते पेशींच्या पत्त्यावर काम करतं. टी सेल आतड्यात जायची की त्वचेत हे तिला शाळेत शिकवलं जातं, शाळा म्हणजे आतड्याजवळच्या लिम्फ नोड, मास्तर म्हणजे डेंड्रायटिक सेल्स, आणि शिकवायला ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक रसायन वापरतात (आई गाजर खा म्हणायची ते डोळ्यांसाठी, पण इथेही). शिकून झालं की टी सेलच्या अंगावर अल्फा-४-बीटा-७ नावाचा पास येतो, आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांवर तो पास ओळखणारा कंडक्टर बसलेला असतो. व्हेडोलिझुमॅब तो पास झाकून टाकतं. बाकी शरीरात टी सेल खुशाल फिरते, फक्त आतड्याच्या स्टॉपवर तिला उतरता येत नाही. असर सावकाश येतो, पण आता तुझ्यासारखी, जिला आत्ता रक्त पडत नाहीये, तिच्या बाबतीत डॉक्टरांशी यावर बोलायला हरकत नाही. खर्च आणि इन्शुरन्सचं आधीच विचारून घे, यातली बरीच औषधं महाग आहेत आणि सहा महिन्यांनी परवडत नाही म्हणून सोडणं हे न घेण्यापेक्षा वाईट, मधे खंड पडला की शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवू शकतं.

आणि नुसतं 'दाबलं की बरं होतं' असंही समजू नकोस हां. आयएल-१७ नावाचं एक रसायन आयबीडीच्या आतड्यात भरपूर सापडतं, सोरायसिसमध्येही सापडतं. ते अडवणारं सेक्युकिनुमॅब सोरायसिसला मस्त लागू पडतं, म्हणून क्रोन्सच्या पेशंटवर ट्रायल घेतली, २०१२ मध्ये निकाल छापून आला, आणि निघालं उलटंच, औषध घेणाऱ्यांचा त्रास डमी औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त. कारण आयएल-१७ आग लावण्याबरोबर आतड्याची भिंतही सांधतं आणि बुरशीला आवर घालतं. एवढे मोठमोठे शास्त्रज्ञ तिथे चुकले, कुठली पेशी कुठे काय करते हे न कळल्यामुळे. मग आपण पुडीवर 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेलं वाचून नेमकं काय बूस्ट करतोय? गरम डोक्याचे मोनोसाइट की शांत रेग्युलेटरी टी सेल? पुडीला ते माहीत नसतं.

काढ्याकडे येते. गुळवेल काही लोकांच्या लिव्हरला झेपत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली, सगळे कोविडच्या काळात गुळवेल घेत होते, आणि लिव्हरला जी सूज आली ती ऑटोइम्यून धाटणीची होती, म्हणजे परत तेच, आपल्याच पेशी आपल्याच अवयवावर. आयुष मंत्रालयाने तेव्हा यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती वगैरे, आणि तो वाद मी इथे सोडवत बसत नाही. मी एवढंच बघते की तू आधीच अशा आजाराची पेशंट आहेस जिथे पेशींचा ब्रेक सैल आहे, आणि तुझ्या अ‍ॅझाथायोप्रीनलासुद्धा लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, मग दोन्ही एकत्र आले आणि लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीपीटी वाढलं तर दोष कोणाचा हे कोणालाच कळणार नाही. म्हणून काढा आजपासून बंद आणि लिव्हरची टेस्ट आधी. शेजारच्या काकूंना वीस वर्षं काही झालं नाही, हो, नसेल झालं, त्यांच्या क्रिप्टमध्ये न्यूट्रोफिल नाहीत.

खाण्याचं एका वाक्यात, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं: शांत असताना घरचं साधं जेवण, भाकरी, ताक, शिजवलेल्या भाज्या सगळं खा, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यातल्या फायबरपासून ब्युटिरेट बनवतात आणि ते त्या ब्रेकवाल्या पेशींना उपयोगी पडतं असं दिसतंय, मात्र फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला, असताना जे सोसत नाही ते हट्टाने खाऊ नको.

ताप आला, बायोलॉजिक सुरू झाल्यावर विशेष, तर घरी पॅरासिटामॉल खाऊन दोन दिवस बघू असं करायचं नाही, फोन करायचा.

आणि सासूबाईंना काय सांगशील? त्या वाईट नाहीत गं, पहाटे उठून तुझ्यासाठी वेल उकळतायत, माझ्या सासूने मला कधी साधा चहा दिला नाही. त्यांना घेऊन जा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आणि टीबीच्या टेस्टचा विषय त्यांच्यासमोर निघू दे, म्हणजे 'इम्युनिटी मारायची औषधं' देणारे लोक त्याच इम्युनिटीची किती काळजी घेतात ते त्या स्वतः ऐकतील. सकाळी त्यांच्या हातचं काही घ्यायचंच असेल तर गवती चहा-आलं घालून साधा चहा मागून घे. गुळवेलीचा डबा परत करू नको, राहू दे फडताळात मागच्या बाजूला.